मालिका कोठून पाहावी? : आरंभ, पूर्वकथा आणि उशिरा आलेला प्रेक्षक

एखादी दूरचित्रवाणी मालिका दोन-तीन वर्षे चालू असते, तिची घरोघरी चर्चा होत असते, आणि अशा वेळी एखादा नवा प्रेक्षक तिच्याकडे वळतो. त्याने पहिल्या भागापासून आरंभ करावा, की चालू प्रवाहात जेथे पाऊल पडेल तेथून पुढे जावे? प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी साहित्यविचारातील एक जुना प्रश्न दडलेला आहे. कलाकृतीचा आरंभ म्हणजे केवळ तिचा पहिला भाग, की तिचे अर्थमूल? ज्याने आरंभ पाहिलेला नाही, त्याला मधल्या भागाचा अर्थ कळतो की फक्त घटना कळतात? भारतीय साहित्यपरंपरेने या प्रश्नाची उत्तरे दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधी, आणि एकाहून अधिक प्रकारे, दिलेली आहेत. त्या उत्तरांच्या आधारे या नव्या कथाप्रकाराचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. संज्ञेचा प्रश्न

प्रथम नावांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. मराठीत या प्रकाराला ‘मालिका’ म्हणतात. हिंदी, बंगाली, कन्नड आणि तेलुगू या भाषांत ‘धारावाहिक’ किंवा ‘धारावाही’ ही संज्ञा रूढ आहे. तमिळमध्ये ‘तोडर’ म्हणजे पुढे चालत राहणारे, तर मलयाळममध्ये ‘परंपरा’ असे म्हणतात. या प्रत्येक शब्दात एक रूपक आहे आणि प्रत्येक रूपक प्रस्तुत प्रश्नाचे निराळे उत्तर सुचवते. माळेतील मणी सुटा हाती घेता येतो. सूत्र एकच असले तरी मणी स्वतःपुरता पूर्ण असतो. धारेत कोठेही उतरता येते, मात्र हाती लागलेले पाणी उगमाचे आहे की मधल्या ओढ्यांचे, हे सांगता येत नाही. परंपरेत उतरायचे तर पूर्वसूरींची ओळख करून घ्यावी लागते.

मराठीतील ‘मालिका’ या एकाच शब्दात दोन भिन्न रचनाप्रकार सामावले गेले आहेत, आणि प्रस्तुत चर्चेतील बराचसा गोंधळ त्यातून निर्माण होतो. पहिल्या प्रकारात प्रत्येक भागाचे कथानक त्या भागातच पूर्ण होते. पात्रे आणि परिसर तेवढे कायम राहतात. मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सादर झालेली, चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका, शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवरून केलेली ‘मालगुडी डेज’, बासू चटर्जी यांची १९९३ मधील ‘ब्योमकेश बक्षी’, किंवा १९९८ ते २०१८ या काळात दीड हजारांहून अधिक भागांपर्यंत गेलेली आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झालेली ‘सीआयडी’ ही या प्रकाराची उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारात कथानक भागाभागांतून वाहत जाते, आणि भागाचा शेवट हा बहुधा कथेचा शेवट नसून तिचा खंड असतो. ‘हम लोग’, ‘बुनियाद’, मराठीतील ‘आभाळमाया’ आणि ‘वादळवाट’ या दुसऱ्या वर्गात मोडतात.

पहिल्या प्रकाराबाबत प्रश्नच उद्भवत नाही. महानुभाव वाङ्मयातील ‘लीळाचरित्र’ एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा क्रमाने रचलेले असले, तरी त्यातील एखादी लीळा स्वतंत्रपणे वाचता येते. क्रमाने तिच्या अर्थात भर पडते, पण क्रम ठाऊक नसल्याने ती निरर्थक होत नाही. चिमणरावांचा कोणताही भाग तसाच पाहता येतो. खरा प्रश्न दुसऱ्या प्रकाराचा आहे.

२. महाभारताचे तीन आरंभ

या संदर्भात महाभारताच्या आदिपर्वातील पहिल्याच अध्यायात आलेला एक उल्लेख विशेष उद्बोधक आहे. काही विद्वान भारताचे अध्ययन मनूपासून करतात, काही आस्तिकाच्या कथेपासून, तर काही उपरिचर राजाच्या आख्यानापासून, असे तेथे म्हटले आहे. एवढ्या विशाल ग्रंथाने आपल्या प्रवेशद्वारीच आपल्याला एकाहून अधिक प्रवेशद्वारे आहेत, हे सांगावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. शिवाय त्याच पर्वात पर्वसंग्रह आहे. पुढे काय येणार याचा तो सविस्तर गोषवारा असून, कोणत्याही पर्वात शिरणाऱ्याला आपण कोठे उभे आहोत हे त्यावरून कळते.

महाभारताची कथनपद्धतीही याच दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. कथा नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सौती सांगतो. सौतीने ती जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाच्या मुखातून ऐकलेली असते. म्हणजे कथेच्या आतच उशिरा आलेला श्रोता बसवलेला आहे. जनमेजय पांडवांचा वंशज, पण घटना घडून गेल्यानंतर जन्मलेला. ‘हा कोण?’, ‘असे का घडले?’ हे त्याचे प्रश्न नव्या श्रोत्याचेच प्रश्न होत, आणि त्यांची उत्तरे देता देता कथा पुढे सरकते. अज्ञानी श्रोता हा येथे कथेतील अडथळा नसून कथनाचे निमित्त आहे.

बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेत (१९८८–१९९०, ९४ भाग) संवादलेखक राही मासूम रझा यांनी ‘समय’ हा निवेदक योजला, तो याच परंपरेला धरून. ‘समय’ मागचे स्मरण देतो, पुढचे सूचित करतो आणि चालू प्रसंगाचा अर्थ सांगतो. या मालिकेचा किंवा रामानंद सागर यांच्या ‘रामायणा’चा (१९८७–१९८८) भाग मधूनच पाहणारा प्रेक्षक गोंधळत नसे, कारण त्या कथेचा आरंभ त्याने पडद्यावर नव्हे, तर घरात, देवळात, कीर्तनात आधीच ऐकलेला होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात या दोन्ही मालिका दूरदर्शनने पुन्हा दाखविल्या, तेव्हा पहिल्या प्रक्षेपणानंतर जन्मलेल्या प्रेक्षकांची गणना नवख्यांत करावी की जुन्यांत, हे म्हणूनच सहज ठरवता येत नाही. ज्ञात कथेच्या मालिकेत नवखा कोणी नसतोच.

३. पूर्वकथा सांगण्याची शास्त्रोक्त साधने

नवी, अज्ञात कथा असेल तर काय? संस्कृत नाट्यशास्त्राने या अडचणीचा पद्धतशीर विचार केलेला आहे. जे रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवायचे नाही, पण प्रेक्षकाला ठाऊक असणे आवश्यक आहे, ते कळविण्यासाठी ‘दशरूपक’कार धनंजयाने पाच अर्थोपक्षेपक सांगितले : विष्कंभक, प्रवेशक, चूलिका, अंकास्य आणि अंकावतार. मालिकेच्या भागाच्या प्रारंभी ‘आतापर्यंत आपण पाहिलेत’ म्हणून जी दृश्ये येतात, दोन शेजारणी जिन्यात उभ्या राहून जे बोलतात, किंवा पडद्याआडून जो आवाज ऐकू येतो, त्यांचे कार्य याहून वेगळे नाही.

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त तर ही कला पूर्णत्वास गेली आहे. पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. चित्रदर्शनाच्या या प्रसंगातून पूर्ववृत्त प्रेक्षकाला कळते. पण ते केवळ माहिती म्हणून नव्हे. ज्यांच्यावर ते गुदरले त्यांच्याच डोळ्यांनी ते पाहिले जाते, आणि सीतेच्या मनात वनदर्शनाची जी इच्छा उत्पन्न होते ती पुढील त्यागाला निमित्त ठरते. पूर्वकथा सांगणे आणि पुढील कथेचे बीज पेरणे या दोन क्रिया तेथे एकच होतात. पहिल्या आणि दुसऱ्या अंकांच्या दरम्यान बारा वर्षे लोटतात आणि दुसऱ्या अंकाच्या आरंभी आत्रेयी व वनदेवता वासंती यांच्या संभाषणातून, म्हणजे विष्कंभकातून, मधला काळ भरून काढला जातो. आजच्या दैनंदिन मालिका एका रात्रीत पाच किंवा वीस वर्षांची उडी घेतात, ही क्लृप्ती म्हणूनच नवी नाही. फरक इतकाच की भवभूतीची उडी कथेच्या गरजेतून येते. मालिकेची पुष्कळदा नव्या प्रेक्षकासाठी दार उघडण्याच्या गरजेतून. मोठी कालोडी हा व्यवहारतः नवा आरंभच असतो.

मात्र या साधनांची मर्यादाही ओळखली पाहिजे. ती इतिवृत्त पुरवितात, रस पुरवीत नाहीत. ज्याने पूर्वभाग पाहिलेला नाही त्याला अश्रू दिसतात, म्हणजे अनुभाव दिसतो. त्या अश्रूंचे कारण त्याला सांगितले जाते. पण सांगितलेले कारण आणि वर्षभर सोबत वागविलेले कारण यांत अंतर आहे. रमेश सिप्पी व ज्योती सरूप यांनी दिग्दर्शित केलेली आणि मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘बुनियाद’ (१९८६–१९८७) याचे उत्तम उदाहरण होय. १९१६ पासून १९७८ पर्यंतचा काळ व्यापणाऱ्या या कथेत फाळणीपूर्व लाहोरातील तरुण हवेलीराम आणि लाजो दिल्लीत वृद्ध होतात. उत्तरार्धातील वृद्ध लाजोजीच्या घरावरील हक्काच्या भावनेला जे वजन येते, ते तिने गमावलेल्या पहिल्या घराचे आहे. ते घर ज्याने पाहिले नाही, त्याला ती केवळ एक करारी म्हातारी दिसेल. काळाचे उलटणे हाच जेथे विषय आहे, तेथे आरंभ वगळणे म्हणजे विषयच वगळणे होय.

४. आरंभ ठाऊक होता काय?

येथे एक प्रतिप्रश्न उपस्थित होतो. नाट्यशास्त्रातील बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य या अर्थप्रकृतींची कल्पना असे गृहीत धरते की बीज पेरणाऱ्याला कार्य ठाऊक आहे. परंतु चालू मालिकेच्या कर्त्याला ते ठाऊक असते काय?

क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीपासून हा प्रश्न मराठीला परिचित आहे. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत गेली. आठवड्याआठवड्याने लिहिलेल्या या कादंबरीत विस्तार आहे, पाल्हाळही आहे; तथापि यमूच्या आयुष्याची दिशा आरंभापासून निश्चित असल्याचे वाचकाला जाणवते. त्यामुळे ती पुस्तकरूपाने पहिल्या पानापासूनच वाचावी, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

‘हम लोग’ची (१९८४–१९८५) गोष्ट निराळी. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या प्रबोधनपर मालिकांपासून प्रेरणा घेऊन, तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांच्या पुढाकाराने ती आकारास आली. प्रारंभीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा संदेश इतका ठळक होता की प्रेक्षक दुरावू लागले. सुमारे तेरा भागांनंतर तो सौम्य करण्यात आला आणि कौटुंबिक कथेला प्राधान्य मिळाले. ज्या ‘हम लोग’वर देशाने प्रेम केले ती त्यानंतरची. सोशिक आई भागवंती ही स्त्रीच्या दुय्यम स्थानाचे भान यावे म्हणून योजलेली व्यक्तिरेखा. पण पुष्कळ प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यांचे भाष्य आणि प्रेक्षकांच्या पत्रांचा ओघ यांमुळे ही कथा जणू भर सभेत रचली जात होती. येथे पहिला भाग हे बीज नसून पुढे बाजूला ठेवलेला खर्डा आहे.

‘क्योंकि सास भी कभी बहू थी’च्या (२०००–२००८) बाबतीत हे आणखी स्पष्ट होते. २००१ मध्ये मिहीर या पात्राचा मृत्यू दाखविल्यावर प्रेक्षकांत इतकी खळबळ उडाली की पात्र पुन्हा जिवंत करावे लागले. पुढे त्याच पात्राची भूमिका करणारे नटही बदलले. जेथे मृत्यूसुद्धा अंतिम नाही, तेथे आरंभाला निर्णायक मानणे कठीण आहे. म्हणून असा निकष मांडता येईल : कर्त्याने शेवट दृष्टीसमोर ठेवून आरंभ रचला असेल, तर आरंभापासून पाहणे आवश्यक, आरंभ हा केवळ पहिला प्रयत्न असेल, तर ते ऐच्छिक. अलीकडच्या काळात मागणीनुसार पाहता येणाऱ्या मर्यादित भागांच्या मालिका, उदाहरणार्थ दहा भागांची ‘स्कॅम १९९२’ (२०२०), पहिल्या वर्गात येतात. त्यांची जात कादंबरीची आहे, आणि कादंबरी कोणी विसाव्या प्रकरणापासून उघडत नाही.

५. जेथे आरंभ उपलब्धच नाही

सिद्धांत काहीही असो, पुष्कळदा व्यवहार त्याला नमवतो. ‘चार दिवस सासूचे’ ही मराठी मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एक भाग बावीस मिनिटांचा धरला तरी अकराशे तास होतात. रोज दोन तास दिले तर दीड वर्ष लागेल. ब्रिटनमधील ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ९ डिसेंबर १९६० रोजी सुरू झाली आणि २०२० मध्ये तिने दहा हजारांचा टप्पा ओलांडला. अशा कृतीला ‘पहिल्यापासून पाहा’ असे सांगणे म्हणजे सभ्य शब्दांत ‘पाहू नका’ असे सांगणे होय.

काही वेळा आरंभ नष्टही झालेला असतो. १९६३ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या पहिल्या काही वर्षांतील अनेक ध्वनिचित्रफिती बीबीसीने पुसून पुन्हा वापरल्या किंवा टाकून दिल्या. सुमारे शंभर भागांची दृश्ये त्यामुळे गमावली गेली, केवळ ध्वनी उरला. १९८९ मध्ये खंडित झालेली ही मालिका २००५ मध्ये पुन्हा आरंभिली गेली, तेव्हा लेखकांनी रोझ टायलर या दुकानात काम करणाऱ्या तरुणीच्या नजरेतून कथा सुरू केली. तिला काहीच ठाऊक नसते. तिला जे कळते तेच प्रेक्षकाला कळते. जनमेजयाची योजना लंडनमध्ये पुन्हा अवतरली, असे म्हणता येईल. त्या मालिकेचा नवा प्रेक्षक बहुधा येथूनच शिरतो आणि रुची उत्पन्न झाल्यावर मागे जातो.

६. पारायण आणि श्रवण

महाराष्ट्राच्या ग्रंथव्यवहारात या दोन भूमिकांना फार पूर्वीपासून दोन नावे आहेत. ‘गुरुचरित्रा’चा सप्ताह करणारा पहिल्या अध्यायापासून बसतो, ठरल्या क्रमाने वाचतो आणि सातव्या दिवशी समाप्ती करतो, मध्येच आरंभ करण्याची मुभा त्याला नाही. हे पारायण. उलट चातुर्मासात देवळात श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’ लावला जातो, तेव्हा कोणी आठव्या अध्यायाला येतो, कोणी विसाव्या; शेजारी बसलेली वृद्धा दोन वाक्यांत मागचे सांगते आणि पोथी पुढे चालू राहते. हे श्रवण. पारायणात अधिकाराचा विचार आहे, श्रवणात समाजाचा. एकात ग्रंथ पूर्ण करायचा असतो, दुसऱ्यात ग्रंथाच्या सहवासात राहायचे असते.

दैनंदिन मालिका ही मूलतः श्रवणाच्या जातीची आहे. तिचा नवा प्रेक्षक एकटा येत नाही. सासरी आलेली सून, सुटीत आजीकडे आलेली नात, शेजारी बसायला आलेली पाहुणी यांना ‘हा कोण?’ असे विचारावे लागते, आणि उत्तर देणारीला उत्तर देण्याचा आनंद मिळतो. मागचे सांगणे ही घरातील एक लहानशी कथनकला आहे. सांगणारी निवडते, गाळते, निवाडाही देते. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथे वाढणाऱ्या मराठी कुटुंबांतील पुढच्या पिढीच्या कानी घराबाहेरची मराठी पडण्याचे एक नित्याचे साधन म्हणजे अशी मालिका. तेथील मुलाला ‘आधी मागचे हजार भाग पाहा’ असे सांगितले, तर मालिकेबरोबर त्या आजीशी होणारे संभाषणही दुरावेल. मालिकेच्या गुणवत्तेविषयी कितीही आक्षेप असले, तरी ही हानी लहान नव्हे.

याउलट अभ्यासकाची जबाबदारी पारायणाची आहे. आरंभ न पाहता एखाद्या मालिकेतील स्त्रीचित्रणाविषयी किंवा भाषेविषयी विधान करणे हे मधली दहा पाने वाचून कादंबरीचे परीक्षण करण्यासारखे आहे. मात्र त्यानेही एक गोष्ट विसरता कामा नये. सर्व भाग सलग पाहिल्याने त्याच्या हाती संहिता येते. ज्या सावकाश गतीने, आठवडाभर वाट पाहत, पत्रे लिहीत आणि तर्क लढवीत मूळ प्रेक्षकाने ती अनुभवली, ती गती येत नाही. ‘हम लोग’चे भाग ओळीने पाहणाऱ्याला तेराव्या भागानंतरचे वळण दिसेल, ते वळण घ्यायला लावणारा प्रेक्षक दिसणार नाही. त्याचा शोध पत्रांत, वृत्तपत्रांत आणि आठवणींत घ्यावा लागेल.

सारांश, नव्या प्रेक्षकाला एकच उपदेश करता येत नाही. भाग स्वयंपूर्ण असतील तर कोठूनही पाहावे. शेवट ठरवून रचलेली, किंवा काळाचे स्थित्यंतर हाच जिचा विषय आहे अशी कथा असेल, तर पहिल्यापासून पाहावे. तेथे गोषवारा पुरत नाही. प्रेक्षकांच्या प्रतिसादावर वाढत गेलेली दीर्घ मालिका असेल, तर एखाद्या कालोडीपासून किंवा नव्या पात्राच्या प्रवेशापासून शिरावे आणि मागचे कोणाला तरी विचारावे. भारताच्या अध्ययनाला तीन आरंभ मान्य करणाऱ्या परंपरेला यात वावगे वाटण्याचे कारण नाही. मात्र तिन्ही आरंभांपासून निघालेल्या अध्येत्याने पुढचा ग्रंथ नीट वाचावा, ही तिची अपेक्षा होती. आणि ती मालिकेच्या प्रेक्षकालाही लागू आहे.